टेम्पोचं भाषांतर

काही वर्षांपूर्वी एका हिंदी कथेचा अनुवाद करताना मी एक चूक केली. कथा लखनऊमधली होती. नायिका रोज सकाळी टेम्पोने कॉलेजला जायची आणि टेम्पोतच तिची एका मुलाशी ओळख व्हायची. 'टेम्पो' हा शब्द मराठीत आहेच, त्याचं वेगळं भाषांतर काय करायचं, असं म्हणून मी तो तसाच ठेवला. कच्चा मसुदा वाचून कोल्हापूरच्या एका मित्राने समासात लिहिलं, "ही पोरगी रोज उसाच्या मोळ्यांवर बसून कॉलेजला जाते का?"

त्याचं बरोबर होतं. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे टेम्पो म्हटलं की मालाची गाडी येते. भाजीची, वाळूची, मंडपाच्या बांबूंची, गणपतीची. वऱ्हाड टेम्पोतून जातं, पण तेही माल म्हणूनच, मागच्या हौद्यात दाटीवाटीने उभं राहून. लखनऊचा टेम्पो मात्र सहा-आठ माणसं समोरासमोर बसवून ठरलेल्या रस्त्याने धावणारी तीनचाकी. काठमांडूतही टेम्पो म्हणजे प्रवासी वाहनच. तिथे १९९९ मध्ये धूर ओकणाऱ्या डिझेलच्या टेम्पोंवर बंदी आली आणि त्यांच्या जागी बॅटरीवर चालणारे 'सफा टेम्पो' रस्त्यावर वाढले. शब्द एकच, स्पेलिंग एकच, आणि तरीही भाषांतर करावं लागतं. अशा शब्दांना भाषांतराच्या वर्गात 'खोटे मित्र' म्हणतात. पण हा मित्र खोटा नाही, त्याचे उद्योग प्रत्येक गावात वेगळे आहेत इतकंच. ते कसे झाले हे शोधता शोधता मी एका छोट्या मालगाडीच्या इतिहासात जाऊन पोचले.

टेम्पो हे मुळात व्यापारी नाव. हॅम्बुर्गच्या 'फिडाल उंड झोन' म्हणजे 'फिडाल आणि मुलगा' या कंपनीने १९२८ च्या सुमारास लहान तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायला सुरुवात केली आणि त्यांना 'टेम्पो' हे नाव दिलं. त्याच वर्षी जर्मनीत २०० सीसीच्या आतल्या इंजिनाच्या वाहनांना परवान्यातून सूट मिळाली होती. त्यामुळे पाववाला, कोळसेवाला, भाजीवाला अशी परवाना आणि मोठा ट्रक दोन्ही न परवडणारी माणसं या गाड्यांची गिऱ्हाइकं झाली. छोटी मालगाडी नेहमी कायद्याच्या एखाद्या फटीतून जन्माला येते. जपानमध्येही तेच घडलं. तिथे कर आणि नोंदणीच्या सवलतींसाठी 'केई' हा वर्ग आखला गेला आणि त्यातून शेतात, मासळीबाजारात, देवळाच्या बोळात शिरणारा तो चिमुकला चौकोनी ट्रक तयार झाला. आजही त्याच्या इंजिनाला ६६० सीसीची, रुंदीला १.४८ मीटरची आणि मालाला ३५० किलोची मर्यादा आहे.

भारतात १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने या हॅम्बुर्गच्या कंपनीशी करार झाला आणि 'टेम्पो हान्झेआट' ही तीनचाकी इथे बनू लागली. कंपनी पुढे 'बजाज टेम्पो' म्हणून ओळखली गेली, पुण्याजवळच्या आकुर्डीत स्थिरावली. 'हान्झेआट' हा शब्द उत्तर जर्मनीतल्या मध्ययुगीन व्यापारी शहरांच्या संघावरून आला आहे. म्हणजे नावाचा अर्धा भाग वेग सांगणारा आणि अर्धा व्यापार सांगणारा. आपल्याकडे व्यापार गळून पडला, वेग उरला. तोही नावापुरताच, कारण हान्झेआट घाटात चढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की बाजूने चालणारा माणूस तिच्या ड्रायव्हरशी निवांत गप्पा मारू शकायचा. पुढे एकच चाक, त्यावरच इंजिन बसवलेलं, पुढच्याच चाकाला जोर. सोंडेसारखं लांब नाक. जर्मनीत ती बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक दशकं धावत राहिली.

इतकी धावली की व्यापारी नाव सामान्यनाम झालं. डालडा, झेरॉक्स, जेसीबी यांच्या रांगेत टेम्पो बसला. जिथे या गाड्यांना मालाचा हौदा लावला गेला तिथे शब्दाला मालाचा अर्थ चिकटला आणि जिथे बाकडी लावली गेली तिथे माणसांचा. महाराष्ट्रातही हा धागा पूर्ण तुटलेला नाही. अलिबागकडे 'मिनीडोर' माणसं वाहते आणि तीही याच कंपनीची तीनचाकी. देशभर लग्न-सहलींना जाते ती 'टेम्पो ट्रॅव्हलर'. मराठीत या शब्दाचा एक सख्खा भाऊ आधीपासून होता. नाटकवाले आणि गाणारे 'टेम्पो' म्हणतात तो. इटालियनमधून, त्याहून मागे 'काळ' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलेला. दोन्ही एकाच घरचे, पण 'नाटकाचा टेम्पो पडला' आणि 'नाटकाचा टेम्पो बंद पडला' यांतला फरक दौऱ्यावरच्या नटमंडळींना विचारा.

तीनचाकीच्या या राज्याला चौथं चाक लागलं ते २००५ मध्ये. मे महिन्यात टाटा मोटर्सने 'एस' ही गाडी बाजारात आणली. योगायोग असा की त्याच वर्षी बजाज टेम्पोने स्वतःचं नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केलं. म्हणजे ज्या वर्षी टेम्पोचा वारस आला त्याच वर्षी कंपनीने टेम्पो हे नाव सोडून दिलं. लोकांनी सोडलं नाही, हा भाग वेगळा.

'एस'ची जन्मकथा व्यवस्थापनाच्या वर्गांत बरीच सांगितली जाते. मला त्यातल्या दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. २०००-०१ या वर्षात टाटांच्या या कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला होता. मोठ्या ट्रकांची मागणी मंदीबरोबर कोसळते हे तेव्हा कळून चुकलं. दुसरीकडे सुवर्ण चतुष्कोणाचे रस्ते तयार होत होते. चांगल्या महामार्गावर ट्रक आणखी मोठे होणार, पण मोठ्या ट्रकांना दिवसा शहरात मज्जाव. मग शहराच्या वेशीपासून दुकानाच्या फळीपर्यंत माल कोण नेणार? गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने त्यासाठी तीनचाकी चालवणाऱ्यांना गाठलं, त्यांना काय हवं ते विचारलं. तेव्हा एकाने सांगितलं म्हणतात, की चारचाकी असेल तर गावात लग्नासाठी चांगली स्थळं येतील. हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याचे कोपरे गुळगुळीत झाले आहेत. पण तो खोटा वाटत नाही. 'पोरगा रिक्षा चालवतो' आणि 'पोराची स्वतःची गाडी आहे' या दोन वाक्यांतलं अंतर मुलीच्या बापाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इंजिनाची गोष्ट तर मला जवळपास साहित्यिक वाटते. नवं इंजिन बनवायला पैसा नव्हता. इंडिका मोटारीचं चार सिलिंडरांचं १,४०५ सीसीचं डिझेल इंजिन हाताशी होतं. त्याचे दोन भाग करून एक घेतला. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. त्यावर पाऊण टन माल. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे चांगल्या तीनचाकीपेक्षा जास्त पण त्या काळच्या कुठल्याही ट्रकपेक्षा बरीच कमी. लांबी ३.८ मीटर, त्यामुळे जिथे टेम्पो वळतो तिथे तीही वळते. पुण्यात सुरुवात झालेली ही गाडी मागणी वाढल्यावर उत्तराखंडातल्या पंतनगरला बनू लागली. सात-आठ वर्षांत विक्री दहा लाखांवर गेली. २००७ मध्ये तिचीच प्रवासी आवृत्ती 'मॅजिक' आली आणि मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या फाट्याफाट्यांवर काळी-पिवळीच्या शेजारी उभी राहू लागली. माल आणि माणूस यांची अदलाबदल पुन्हा एकदा.

'एस' हे नाव मात्र रुजलं नाही. हुकमाचा एक्का हा त्याचा इंग्रजी अर्थ कंपनीच्या बैठकीत चांगला वाटला असेल, मंडईत त्याला ऐकायला कान नव्हते. लोकांनी नाव ठेवलं 'छोटा हाथी'. मराठीत 'छोटा हत्ती', बांगलात 'छोटो हाती', तमिळमध्ये 'कुट्टी यानै'. या शेवटच्या नावावर मी अडखळले. तमिळ 'कुट्टी'त पिल्लूपण आहे, लाड आहे. ते हत्तीचं बछडं झालं. आपला छोटा हत्ती बछडं नाही. तो पूर्ण वाढलेला, फक्त कमी जागेत बसवलेला हत्ती आहे. तमिळ ड्रायव्हर गाडीला मूल समजतो आणि मराठी ड्रायव्हर भागीदार, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. भाषांतरकारांनी असे मोह टाळावेत. तरी एक गंमत नोंदवते. पियाज्जो कंपनीच्या तीनचाकीचं नाव 'आपे'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ मधमाशी. १९४८ साली युद्धाने खंगलेल्या इटलीत, गुणगुणत काम करणारी म्हणून. (त्याच घरातली 'वेस्पा' म्हणजे गांधीलमाशी.) ही मधमाशी पुढे बारामतीत बनू लागली आणि मराठीत 'आपे रिक्षा' झाली. इंग्रजी वाचणाऱ्यांना तिच्यावर माकड लिहिलेलं दिसतं, आमच्या आजीला आप्पे आठवायचे. मधमाशी कुणालाच दिसली नाही. हत्ती मात्र लोकांनी स्वतः ठेवला, म्हणून सगळ्यांना दिसतो.

या हत्तीने नेमकं कुणाचं काम घेतलं, हे सांगायला हवं. हातगाडी ओढणाऱ्याचं घेतलं, बैलगाडीवाल्याचं घेतलं, काही प्रमाणात पाठीवर पोती वाहणाऱ्याचंही. त्यात हळहळण्यासारखं किती आणि सुटकेचं किती, हे ज्याची पाठ त्याने ठरवावं. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. डोक्यावरून, पाठीवरून ओझं वाहणाऱ्यांच्या मजुरीची आणि भविष्यनिर्वाहाची व्यवस्था त्यात आहे. तो कायदा हमालाला ओळखतो. छोट्या हत्तीचा चालक मात्र एकाच वेळी ड्रायव्हर, हमाल, पहारेकरी आणि वसुली कारकून असतो. कागदावर तो 'मालक' आहे. नोंदणीच्या पुस्तकात कर्ज देणाऱ्याच्या नावाचा बोजा आहे, तो भाग निराळा. मालक म्हणून त्याला माथाडी मंडळ नाही आणि मजूर म्हणून त्याला मालक नाही. गाडी घरापुढे उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. म्हणून ती उभी राहत नाही. सकाळी भाजी, दुपारी प्लायवूड, संध्याकाळी कुणाचं तरी कपाट, रात्री मंडपवाल्याच्या खुर्च्या.

या माणसाच्या परवान्यावर काय छापलेलं असावं, यावरून देशातल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद चालला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याने हलकं मालवाहू वाहन चालवलं, अपघात झाला, तर त्याचा परवाना वैध धरायचा की नाही? विम्याची भरपाई त्या एका शब्दावर अडायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्या निकालावरही शंका घेतली गेली, प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तोच निर्णय कायम ठेवला. छोटा हत्ती मालासकट जेमतेम दीड टनाचा. म्हणजे त्याला या मर्यादेत पाचदा घालता येईल. तरीही त्याच्या चालकाला 'हलकं' आणि 'मालवाहू' या दोन विशेषणांच्या नात्याचा निकाल लागण्यासाठी इतकी वर्षं थांबावं लागलं. शब्दार्थाच्या इतक्या महाग वादात आम्हा भाषांतरकारांना कुणी साक्षीला बोलावत नाही.

आणि माणसं. मालाच्या गाडीत भाड्याने माणसं बसवणं बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी लग्नाचं वऱ्हाड, ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं, यात्रेला जाणारं गाव टेम्पोतून आणि पिकअपमधूनच जातं, कारण फाट्यावर एसटी थांबत नाही किंवा येतच नाही. वर्तमानपत्रात 'पिकअप उलटून' अशी सुरुवात असलेली बातमी वाचली की पुढची ओळ काय असेल ते आपल्याला कळतं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये शहरांतून गावांकडे निघालेल्या कामगारांना याच गाड्यांनी लपवून, ताडपत्रीखाली बसवून नेलं. काही जण फुकट नेत होते, काही जण अव्वाच्या सव्वा भाडं घेत होते. त्याच आठवड्यांत याच गाड्या शेतकऱ्यांच्या भाज्या थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकापाशी आणून उभ्या करत होत्या. एकाच ताडपत्रीखाली दोन्ही.

माझ्या त्या अनुवादात शेवटी मी 'टेम्पो'च्या जागी 'शेअर रिक्षा' केलं. लखनऊचा वास गेला, पण पोरगी मोळ्यांवरून खाली उतरली.

मध्यंतरी घर बदललं तेव्हा छोटा हत्ती बोलावला होता. ड्रायव्हरदादांनी दारातून आत नजर टाकली. कपाट, पलंग, फ्रीज यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खोक्यांकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, यात काय?"

"पुस्तकं."

"सगळ्यात?"

मी हो म्हटलं. त्यांनी एक खोकं पायाने जरासं ढकलून पाहिलं, ते हललं नाही. मग खाली जाऊन गाडीच्या मागच्या टायरवर दोन लाथा मारल्या, वर येऊन म्हणाले, "दोन खेपा. पहिल्यांदा तुमचं घर, मग तुमची पुस्तकं. जिन्याचे वेगळे."