चित्रं होती, नायक नव्हता

१९५६ साली आशियात दोन ठिकाणी चित्रं हलवण्याचे कारखाने सुरू झाले. एक टोकियोत, तोएई कंपनीचा. दुसरा मुंबईत, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग. जपानमध्ये पुढे १९७४ साली ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही अंतराळातली कार्टून मालिका आली आणि २०१० साली तिच्यावरून हाडामांसाचे नट घेऊन विज्ञानपट निघाला. आमच्या मुळशी तालुक्यात, हिंजवडी-माणच्या आयटी पार्कात, संगणकावर जग उभं करू शकणारी पोरं आज ढिगानं आहेत. पण मराठीत असा सिनेमा काढायचा ठरवलाच, तर तो कुठल्या मालिकेवरून काढायचा? या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या त्या विभागाच्या वाटचालीत सापडतं.

सुरुवात बिनहत्याराची नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या होत्या. ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ‘जंबूकाका’ हा बोलका कार्टूनपट तिनं काढला. फिल्म्स डिव्हिजन १९४८ ची. तिच्या कार्टून विभागाची घडी बसवायला अमेरिकी तांत्रिक मदतीतून डिस्नेकडचे अनुभवी चित्रकार क्लेअर वीक्स आले. जातककथेवरचा ‘द बनियन डियर’ १९५७ सालचा. मद्रासहून आलेले रसायनशास्त्राचे पदवीधर राम मोहन याच विभागात शिकले आणि १९६८ पर्यंत तिथेच राहिले.

काम कसं चाले? टेबलाच्या काचेखाली दिवा. कागद सरकू नये म्हणून खाली खुंट्यांची पट्टी. एका चित्रावर दुसरा कागद ठेवायचा आणि हात केसभर पुढे न्यायचा. मग ते पारदर्शक सेलवर उतरवायचं. रेघ पुढच्या बाजूनं, रंग पाठीमागून, म्हणजे ब्रशचे फटकारे पडद्यावर दिसत नाहीत. सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात, म्हणजे दहा मिनिटांना ७,२०० झाली. त्यात एका सेलवर बोटाचा ठसा राहिला तर तो पडद्यावर हाताएवढा होऊन दिसणार!

एवढे कष्ट करून व्हायचं काय? कुटुंब नियोजन, बचत, आरोग्य, एकात्मता. सिनेमागृहांना सरकारमान्य लघुपट दाखवणं सक्तीचं होतं, त्यामुळे पौडहून पुण्याला सिनेमा बघायला गेलेल्या माणसालाही मुख्य खेळाआधी ते बघावे लागत. प्रेक्षक आयता मिळाला आणि तिथेच घोटाळा झाला, असं मला वाटतं. आयत्या प्रेक्षकाला परत बोलवावं लागत नाही, म्हणून परत येणारा नायकही लागत नाही. विषय एका खात्याचा, सिनेमा सात-आठ मिनिटांचा. तो संपला की त्यातला शेतकरी, त्यातली आई, त्यातला पोपट सगळे डब्यात बंद. पुढच्या सिनेमाला नवी माणसं.

प्रतिभेची वाण होती असं मात्र कुणी म्हणू नये. झेकोस्लोव्हाकियात शिकून आलेले प्रमोद पती याच संस्थेत होते. त्यांचा ‘आबिद’ मिळाला तर जरूर बघा. चित्रकार आबिद सुरती यांना पतींनी एका खोलीत उभं केलं आणि कार्टूनचं चित्र घ्यावं तसं एकेक चौकट करून चित्रित केलं. जिवंत माणूस जमिनीवरून न चालता सरकतो, भिंतींवर रंग आपोआप चढत जातात. कार्टूनचं तंत्र हाडामांसाच्या माणसावर वापरण्याची ही करामत सत्तरच्या दशकाच्या आरंभी मुंबईत झाली होती. तिच्यामागे गोष्ट असती तर?

टोकियोत गोष्टच पुढे होती. १ जानेवारी १९६३ पासून ‘तेत्सुवान आतोम’ हा यंत्रमानव मुलगा तिथल्या घराघरांत येऊ लागला. योशिदा बंधूंच्या तात्सुनोको या स्टुडिओनं १९७३ साली ‘कॅशर्न’ आणला. त्यातला मुलगा यंत्रांशी लढण्यासाठी स्वतःच अर्धा यंत्र होतो. काझुआकी किरिया यांनी २००४ साली त्यावरून सिनेमा काढला तेव्हा मूळ मालिका पाहिलेली मुलं चाळिशीकडे झुकली होती. तिकीट काढणारी पिढी आधीच तयार होती. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुण्यात चित्र दिसू लागलं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. कारखाना आधी उघडला आणि दुकान सोळा वर्षांनी!

बरं, मराठीत विज्ञानकथा नव्हत्या म्हणावं तर तेही खरं नाही. ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवून जयंत नारळीकरांनी १९७४ साली बक्षीस मिळवलं होतं. पुढे त्यांच्या ‘धूमकेतू’वरून बालचित्र समितीनं हिंदीत सिनेमाही केला. म्हणजे कथा पुण्या-मुंबईत, चित्रकार मुंबईत, आणि दोघांची गाठ घालून देणारं खातं कुठेच नाही. त्याच १९७४ साली विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ला भीमसेन यांनी चित्ररूप दिलं. निर्मिती फिल्म्स डिव्हिजनचीच. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि जाळ्यासकट उडणारे पक्षी दूरदर्शनवर इतक्या वेळा दिसले, की एका पिढीला ते अजून तोंडपाठ आहेत. तरी त्या भावंडांना दुसरा भाग मिळाला नाही.

विभागातली माणसं बाहेर पडून फळली. राम मोहन यांनी जपानच्या युगो साको यांच्यासोबत रामायण केलं, इथे काम केलेल्या व्ही. जी. सामंतांनी २००५ मध्ये ‘हनुमान’ दिला. दोघांनी नायक निवडले ते मात्र आधीपासून घराघरांत असलेले. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आणि २०२४ च्या मे महिन्यात, हैदराबादच्या राजीव चिलका यांनी आपल्याच ‘छोटा भीम’ या कार्टून मालिकेवरून खऱ्या मुलांना घेऊन सिनेमा काढला. त्यात अनुपम खेर आहेत, आपले मकरंद देशपांडेही आहेत. खलनायक दमयान मायावी आहे, तेव्हा याला विज्ञानपट म्हणता येणार नाही. पण २००८ पासून दर आठवड्याला लाडू खाऊन मारामारी करणारा तो पोरगा पोरांच्या ओळखीचा होता, म्हणून त्याच्यावर कुणीतरी पैसा लावला.