गुंडाळता येणारं रणांगण

इंचभर उंचीचे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळणाऱ्यांना जमीन लागते. ती विकत मिळते, पण बरेच जण घरीच करतात. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक सीलंट आणि तपकिरी रंग कालवून थापायचा, ओला असतानाच वर वाळू दाबायची, वाळल्यावर फिकट रंगाचा कोरडा ब्रश फिरवायचा. अ‍ॅक्रिलिकच का? सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि प्लास्टर गुंडाळलं की तडकतं. रणांगण गुंडाळता यावं, ही अट दोनशे वर्षं जुनी आहे.

आपल्याकडच्या चतुरंगातून निघालेल्या बुद्धिबळाच्या पटाला भूगोल नव्हता. ६४ घरं, सगळी सपाट. १७८०मध्ये ब्राउनश्वाइगच्या हेलविग या गणिताच्या शिक्षकानं घरं शेकड्यांनी वाढवली आणि रंगवली: हा डोंगर, ही दलदल, हे पाणी. आता घोडदळाला वाट पाहून चालावं लागलं.

मग प्रशियात फॉन राइसविट्झ हा सरकारी अधिकारी ओल्या वाळूत टेकड्या करून लढाया मांडू लागला. बातमी राजापर्यंत गेली. पण राजवाड्यात वाळू कशी न्यायची? १८१२मध्ये त्यानं तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मला एक टेबलच करून दिलं. त्यावर प्लास्टरचे रंगवलेले, उठावाचे चौकोन होते, हवे तसे जुळवता येणारे. देखणं काम, पण ते राजवाड्यातच राहिलं.

त्याचा मुलगा तोफखान्यात होता. १८२४मध्ये त्यानं नवे नियम छापले आणि टेबलाऐवजी १:८००० प्रमाणाचा कागदी नकाशा घेतला. डोंगर सपाट झाले, पण नकाशा कुठेही नेता येत होता. जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग यानं शिफारस केली आणि ‘क्रीगस्पील’ पलटणींत पोचला. टेबलाला जे जमलं नाही, ते कागदानं केलं. मात्र आता तो राजाचा विरंगुळा उरला नाही, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण झाला.

खेळ पुन्हा घरात आणला एच. जी. वेल्सनं. १९१३च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये रणांगण म्हणजे दिवाणखान्याची फरशी, लाकडी ठोकळे, जाडजूड पुस्तकं आणि झाडं म्हणून खोचलेल्या डहाळ्या. खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकलं युद्ध किती शहाणपणाचं, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

म्हणजे या जमिनीला दोन वारसे आहेत. नकाशा हलका झाला तो सैन्यासाठी. घरगुती चटई हलकी आहे ती कपाटात जागा कमी असते म्हणून. नकाशावर सराव करणाऱ्यांना उद्या खऱ्या शेतांतून फौजा न्यायच्या होत्या. चटईवरचं शेत कुणाचंच नसतं. तिथे पीक तुडवलं जात नाही, आणि हरलेलाही चहा पिऊनच घरी जातो.