कंपायलर, लायब्ररी म्हणून

कंपायलर स्वतंत्र प्रोग्रॅमसारखा न चालवता, त्यातील फंक्शने दुसऱ्या प्रोग्रॅममधून किंवा स्क्रिप्टमधून थेट बोलावून वापरण्याची पद्धत. असलेला कोड वाचून त्यावरून नवा कोड लिहिणे आणि चालत्या प्रोग्रॅमच्या मेमरीतच मशीन कोड उभा करणे, ही तिची दोन मुख्य कामे.

एरवी कंपायलरशी व्यवहार एवढाच असतो : सोर्स फाइल द्यायची, ऑब्जेक्ट फाइल घ्यायची. मधल्या टप्प्यांत कोणते नाव कशाचे, त्याचा प्रकार काय, मेमरीत त्याची जागा कोणती, हे सारे त्याने शोधलेले असते आणि काम संपताच त्यातले बहुतेक टाकून दिलेले असते. ज्यांना ती माहिती हवी असते ते मग रेग्युलर एक्स्प्रेशन घेऊन स्वतःच कोड वाचायला बसतात. तिथेच घात होतो. समजा, सी भाषेतील एका स्ट्रक्चरमध्ये आधी १ बाइटचे अक्षर आणि मग ४ बाइटचा पूर्णांक आहे. मजकूर वाचून बेरीज केली तर आकार ५ बाइट येतो. नेहमीच्या यंत्रांवर कंपायलर मात्र पूर्णांकाला ४ च्या पटीतला पत्ता देतो, मध्ये ३ बाइट मोकळे सोडतो आणि आकार ८ होतो. पहिल्या हिशेबावर बेतलेला कोड चुकीच्या जागेवरून आकडा उचलतो आणि बऱ्याचदा कसलीही तक्रार न करता चालत राहतो.

क्लँग या कंपायलरची लिबक्लँग ही लायब्ररी इथे उपयोगी पडते. पायथनमधील छोटी स्क्रिप्ट तिच्याकडून हेडर फाइल वाचून घेते, तयार झालेल्या वाक्यरचना-वृक्षात फांदी-फांदीने फिरते, प्रत्येक घटकाचा प्रकार, आकार आणि सुरुवातीपासूनचे अंतर विचारते आणि त्या उत्तरांवरून दुसऱ्या भाषेतील घोषणा लिहून काढते. रस्ट भाषेचे बाइंडजेन हे साधन सीच्या हेडरवरून रस्टच्या घोषणा तयार करते, तेही लिबक्लँगच्याच आधाराने.

कंपायलरला खरे उत्तर देता यावे यासाठी प्रश्नही पुरा विचारावा लागतो. मूळ प्रकल्प ज्या फ्लॅगांनी कंपाइल होतो तेच स्क्रिप्टने द्यायला हवेत. ‘लाँग’ हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर ४ बाइटचा. एखादे हेडर सापडले नाही तरी लिबक्लँग थांबत नाही. ती वृक्ष देतेच, पण त्यात अनोळखी प्रकाराच्या जागी साधा पूर्णांक आलेला असू शकतो. म्हणून वृक्षाला हात लावण्याआधी त्रुटींची यादी तपासणे हा या कामातला पहिला नियम मानला पाहिजे.

कंपायलर असा खुला व्हायला बराच काळ गेला. १९८७ मध्ये आलेल्या जीसीसी या कंपायलरचे अंतर्गत भाग रिचर्ड स्टॉलमन यांनी जाणूनबुजून वेगळे काढू दिले नाहीत. मधले रूप बाहेर मिळाले तर बंदिस्त सॉफ्टवेअरवाले त्यावर आपली साधने चढवतील, अशी त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती, पण तिची किंमत मुक्त साधने लिहिणाऱ्यांनाही मोजावी लागली. इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये ख्रिस लॅटनर आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएम सुरू केले, ते मुळातच लायब्ऱ्यांचा संच म्हणून; क्लँगही त्याचाच भाग. पायथनमधील आकडेमोडीच्या फंक्शनांचा मशीन कोड बनवणारे नुम्बा त्याच्यावरच उभे आहे. जीसीसीमध्येही २०१५ च्या ५ व्या आवृत्तीत लिबजीसीसीजिट ही लायब्ररी आली आणि ईमॅक्स या एडिटरच्या २८ व्या आवृत्तीने लिस्पचा मशीन कोड बनवण्यासाठी ती वापरली.

सर्वांत सुटसुटीत नमुना फाब्रिस बेलार्ड यांच्या टीसीसी या सी कंपायलरचा. त्याच्या लिबटीसीसी लायब्ररीत आधी कोरा कंपायलर मागायचा, त्याला सी कोडची स्ट्रिंग द्यायची, आपली फंक्शने नावानिशी जोडायची, कोड मेमरीत बसवायचा आणि हव्या त्या फंक्शनचा पत्ता घेऊन ते बोलवायचे. मध्ये एकही फाइल लिहावी लागत नाही. टीसीसी कोडला फारसे घासूनपुसून घेत नाही, पण कंपाइल इतक्या झपाट्याने करतो की सीची फाइल थेट स्क्रिप्टसारखी चालवता येते. स्ट्रिंग बाहेरून आलेली असेल तर मात्र ती आपल्या प्रोग्रॅमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालते; तिला आडवे येणारे कुंपण लायब्ररीत नाही.

मायक्रोसॉफ्टने सी-शार्पचा कंपायलर सी-शार्पमध्येच नव्याने लिहिला आणि एप्रिल २०१४ मध्ये रोझलिन या नावाने त्याचा सोर्स खुला केला. २०२० पासून त्यात सोर्स जनरेटरांची सोय आहे : कंपाइल चालू असतानाच जनरेटर प्रकल्पाचा कोड न्याहाळतो आणि त्यात नव्या फाइलींची भर घालतो. आधीच्या ओळी मात्र त्याला बदलता येत नाहीत.

रोजच्या वापरात सर्वांत जास्त त्रास आवृत्त्यांचा होतो. एलएलव्हीएमची मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तिचा सी++ एपीआय दर वेळी थोडाफार हलतो. सी भाषेतला एपीआय त्या मानाने स्थिर राहतो. लिबक्लँगही त्यातच मोडते, म्हणून स्क्रिप्ट लिहिणारे बहुधा तिच्याच वाटेने जातात.