निर्जन किनारा आणि बेवारस धन : एक फ्रेंच साहसपट व वसईचा किल्ला

समुद्रकाठच्या गुप्तधनाची कथा साधारणतः दोन गृहीतांवर उभी असते. किनारा निर्जन आहे, हे पहिले गृहीत. आणि तेथे दडलेले धन बेवारस आहे, हे दुसरे. ही दोन्ही गृहीते वाचकाने न तपासता स्वीकारली, तरच साहसाला अवकाश मिळतो. किनाऱ्यावर वस्ती असेल तर साहसवीर आगंतुक ठरतो आणि धनाला वारस असेल तर तो चोर ठरतो. अद्भुतरम्य कथनाच्या आकृतिबंधात ही अडचण मोठ्या कौशल्याने टाळलेली असते. इतिहासलेखनाला मात्र ती टाळता येत नाही. एक गाजलेला फ्रेंच साहसपट आणि वसईच्या किल्ल्याचा इतिहास शेजारी ठेवून पाहिले असता हा फरक विशेष स्पष्ट होतो. या दोहोंत प्रभावाचे वा अनुकरणाचे कोणतेही नाते नाही. तुलनेला आधार आहे तो स्थळांच्या साम्याचा : दोन्ही ठिकाणी समुद्रसत्तेच्या स्वप्नासाठी दगडी किल्ला उभा राहिला, दोन्ही किल्ल्यांचे लष्करी प्रयोजन संपले आणि दोन्ही पुढे कल्पनेच्या ताब्यात गेले.

रोबेर आंरिको यांनी दिग्दर्शित केलेला ‘ले आव्हांत्यूरिए’ (‘साहसवीर’) हा चित्रपट १९६७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला आधार होता जोझे जोव्हानी यांच्या कादंबरीचा. मानू हा वैमानिक (आलँ देलों), रोलाँ हा यंत्रज्ञ (लिनो व्हेंतुरा) आणि लेतिसिया ही भंगारातून शिल्पे घडविणारी तरुणी (जोआना शिमकुस) ही यातील तीन प्रमुख पात्रे. तिघांच्याही पदरी आपापल्या क्षेत्रातील अपयश आहे. कांगोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलेल्या एका विमानात मोठी संपत्ती आहे, असे कळल्यावर ते तिकडे जातात. धन सापडते, परंतु त्याच्या मागावर असलेल्या भाडोत्री सैनिकांच्या हल्ल्यात लेतिसिया मारली जाते. पाणबुड्याच्या पोशाखात तिचा देह समुद्राच्या स्वाधीन केला जातो. पुढे तिच्या नातलगांतील एका लहान मुलाला तिचा वाटा देऊन दोघे मित्र वेगळे होतात आणि पुन्हा भेटतात ते फोर बोयार या समुद्रातील किल्ल्यावर. लेतिसियाचे स्वप्न या किल्ल्याशी जोडलेले होते. म्हणून रोलाँने तो घेतलेला आहे. तेथेच शेवटची चकमक होते आणि मानू मरतो. एकटा उरलेला रोलाँ आणि दूर जाणाऱ्या दृष्टिक्षेपात लहान होत जाणारा दगडी किल्ला, या दृश्याने चित्रपट संपतो.

या चित्रपटाची लोकप्रियता केवळ साहसावर उभी नाही. प्रेमाचा त्रिकोण असूनही येथे मत्सर जवळजवळ नाही आणि धन मिळाल्यानंतर मैत्री भंगत नाही. धनकथेच्या रूढ संकेताप्रमाणे लोभ मित्रांना शत्रू करतो. येथे मृत मैत्रिणीचा वाटा तिच्या वारसापर्यंत पोचविणे हेच मित्रांचे कर्तव्य ठरते. म्हणजे वारसाहक्काची नैतिक जाणीव या संहितेत आहे, आणि ती कथानकाच्या केंद्राजवळ आहे. म्हणूनच तिच्यातील एक मौन अधिक जाणवते. विमानातील संपत्ती कोठून आली? कांगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमच्या सत्तेतून स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या धामधुमीत तेथून निघालेल्या वसाहतवाल्याचे हे धन आहे. रबर, तांबे आणि हिरे यांसाठी पाऊणशे वर्षे पिळून काढलेल्या भूमीतून ते निघाले आहे. लेतिसियाच्या वाट्याचा हिशेब काटेकोरपणे करणारी ही कथा कांगोच्या वाट्याचा प्रश्न विचारीत नाही. त्या किनाऱ्याचे सौंदर्य पडद्यावर येते, पण त्या भूमीचा दावा येत नाही.

दुसरे मौन किल्ल्यासंबंधीचे आहे. फोर बोयार हा एक्स आणि ओलेराँ या बेटांमधील समुद्रात उभा आहे. त्याच्या बांधकामाचा निर्णय नेपोलियनच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. वाळूच्या बांधावर पाया टिकेना म्हणून १८०९ मध्ये काम थांबले. १८३७ नंतर ते पुन्हा हाती घेण्यात आले आणि १८५७ मध्ये किल्ला पूर्ण झाला. तोवर तोफांचा पल्ला इतका वाढला होता की, ज्या कामासाठी तो बांधला ते कामच उरले नाही. काही काळ तो तुरुंग म्हणून वापरला गेला आणि नंतर ओस पडला. चित्रपटाने या ओसाडपणाला मृत मैत्रिणीच्या स्वप्नाचा अर्थ दिला. १९९० पासून त्याच किल्ल्यावर फ्रेंच दूरचित्रवाणीचा एक खेळ सुरू झाला. त्यात स्पर्धक किल्ल्या मिळवितात आणि शेवटी सोन्याची नाणी गोळा करतात. ज्या वास्तूने लढाई पाहिली नाही, तिला अशा रीतीने खजिन्याची कथा बाहेरून पुरवावी लागली. तिच्या बाबतीत अद्भुताने फारसे काही झाकले नाही, कारण झाकण्यासारखे तेथे थोडेच होते.

वसईची गोष्ट वेगळी आहे. येथे झाकण्यासारखे पुष्कळ आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाणी असलेल्या जागी तटबंदीचे शहर वसले आणि ते पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठिकाण झाले. फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डॉमिनिकन या पंथांची चर्चे व मठ तटाच्या आत उभे राहिले. सेंट जोसेफचे कॅथिड्रल त्यांत प्रमुख. जमिनीकडील आणि समुद्राकडील अशा दोन दरवाजांमध्ये उमरावांचे वाडे होते. या वैभवाचा खर्च भागत असे तो आसपासच्या गावांतून. उमरावांना गावे तोडून दिलेली होती आणि भात पिकविणारे कुळ त्यांचा भरणा करीत होते. याच काळात देवळे पाडली गेली आणि धर्मांतरे झाली. याच काळात वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोचला. म्हणजे वसईच्या ‘खजिन्या’चा विचार करताना प्रथम हे ध्यानी घ्यावे लागते की, त्याचा मूळ उगम किल्ल्याबाहेरच्या शेतांत आहे.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी साष्टीची मोहीम सुरू केली. फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. तटाखाली सुरुंग लावले गेले. मे महिन्यात ते उडाले. खिंडारांतून चढताना हजारो माणसे पडली. १६ मे १७३९ रोजी किल्ला शरण आला आणि २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले. या विजयाचे लोकस्मृतीतील चित्र लुटीचे आहे. शरणागतीच्या अटींचे चित्र मात्र निराळे आहे. शिबंदीला शस्त्रांसह, सन्मानाने जाऊ द्यावे, कुटुंबांना आपली जंगम मालमत्ता नेऊ द्यावी, मागे राहणाऱ्यांच्या धर्माचरणास बाध येऊ नये, असे हे कलम होते. सोनेनाणे, दागिने, पेट्या, म्हणजे गुप्तधनकथेला जे जे लागते ते, मालकांबरोबर गलबतांत चढून निघून जाण्याची वाट तहानेच मोकळी ठेवली होती. मागे उरले ते न हलण्याजोगे किंवा हलविण्यास अवजड : तट, तोफा, वास्तू आणि चर्चच्या घंटा.

या घंटांचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे; पण त्याचा अर्थ क्वचितच लावला जातो. विजयचिन्ह म्हणून त्या वसईतून निघाल्या आणि देशावरच्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या गोदाकाठी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळावर १७२१ सालची घंटा बसली. ती ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून इतकी रूढ झाली की, देऊळच त्या नावाने ओळखले जाते आणि गोदावरीच्या पुराची उंची सांगताना नाशिककर तिचा हवाला देतात. भीमाशंकरला अशीच एक घंटा आहे. वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर, मेरी व बाळ येशू यांची प्रतिमा असलेली घंटा टांगलेली आहे. क्रूसाची खूण वा प्रतिमा घासून काढण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. ज्या हातांनी त्या टांगल्या, त्यांना त्यांची नाममुद्रा पुसण्यापेक्षा त्यांचा नाद हवा होता.

गुप्तधन आणि घंटा यांतील भेद येथे मूलभूत ठरतो. गुप्तधनाचे मूल्य ते दडलेले असण्यात आहे. घंटा दडवली तर ती घंटा राहत नाही. गुप्तधन सापडताच त्याचा भूतकाळ संपतो, कारण वितळविलेल्या वा विकलेल्या सोन्यावर कोणाचे नाव उरत नाही. घंटेवर ओतण्याचे वर्ष आणि मूळ उपासनेची खूण कायम राहते, आणि तरीही ती दुसऱ्या उपासनेत रोज वाजते. ती एकाच वेळी लूट आहे, स्मारक आहे आणि वापरातील वस्तू आहे. तिच्यावर वसईच्या ख्रिस्ती भाविकाचा भावनिक हक्क आहे. वेढ्यात पडलेल्यांच्या वंशजांचा ऐतिहासिक हक्क आहे. आणि पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती वाजविणाऱ्या गावाचा वहिवाटीचा हक्क आहे. साहसकथेचा आकृतिबंध असे तिहेरी स्वामित्व पेलू शकत नाही. त्याला एकच शोधक आणि एकच पेटी लागते.

मराठी कथनपरंपराही या मोहापासून मुक्त होती, असे नाही. किल्ला हाती लागत नसेल तर आपले मस्तक तोफेच्या तोंडी देऊन आत फेकावे, असे चिमाजी अप्पांनी म्हटल्याची आख्यायिका वेढ्याच्या कागदपत्रांपेक्षा अधिक माणसांना ठाऊक आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी मराठी कादंबरीला अद्भुताची गोडी लावली. ‘मोचनगड’ (१८७१) पासून ऐतिहासिक कादंबरीने किल्ला हे कथानकाचे घर केले. भा. रा. भागवतांच्या लेखणीतून ज्यूल व्हेर्नची साहसे मराठी मुलांच्या हाती पडली. भुयार, चोरवाट, पुरलेला हंडा या कल्पना प्रत्येक गडाच्या पायथ्याशी आढळतात आणि वसईच्या बुरुजातील भुयारी वाटेने त्यांना दगडी पुरावा पुरविला. रा. गो. सरदेसाई यांच्यासारख्या नव्हे, तर गो. स. सरदेसाई यांच्यासारख्या संपादकांनी पेशवे दफ्तरातील कागद छापून मोहिमेचा रसदीचा, पगाराचा आणि जखमींचा हिशेब पुढे आणला. पण हिशेबाची वही आख्यायिकेइतकी दूर जात नाही.

धर्मशास्त्र आणि कायदा यांची भूमिका या संदर्भात बोलकी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सापडलेल्या निधीवर कोणाचा किती अधिकार, याचा विचार आहे. १८७८ च्या भारतीय निधी कायद्याने जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले, दावेदारांना पाचारण करण्याची रीत घालून दिली आणि कोणी पुढे न आल्यास शोधक व जमिनीचा मालक यांच्यात तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश अशी वाटणी ठरविली. धन बेवारस असल्याचे कायदा गृहीत धरीत नाही; ते चौकशीअंती सिद्ध व्हावे लागते. रोमांचक कथा जे आरंभीच मानून चालते, ते कायद्याला शेवटी ठरवावे लागते.

उरला निर्जन किनाऱ्याचा प्रश्न. १८२५ च्या सुमारास बिशप हेबर यांनी वसईत राहण्याजोगे एकही घर उरले नसल्याचे आणि भग्न चर्चांचे उदास चित्र नोंदविले. १८७६ मध्ये जुझे गेर्सन द कुन्य यांनी चौल व वसईच्या पुरावशेषांवरील ग्रंथात तेथील शिलालेख काळजीपूर्वक उतरवून घेतले. पहिल्या दृष्टीतून भग्नतेचे सौंदर्यशास्त्र निघाले, दुसरीतून इतिहास. चित्रपट व गीतचित्रणे यांनी पुढे पहिल्या दृष्टीचाच स्वीकार केला : वेलींनी वेढलेल्या कमानी, छप्पर नसलेले गाभारे, आणि त्यांत कोणाचेही नसलेले दोन प्रेमी. चौकटीबाहेर मात्र किल्लाबंदर आणि पाचूबंदर येथील कोळीवाडे आहेत; तटाच्या आत नागेश्वर व वज्रेश्वरी यांची देवळे आहेत; गोन्सालो गार्सियाच्या नावाने भाविक किल्ल्यात जमतात. १७३९ मध्ये उमराव गेले, शेतकरी आणि कोळी गेले नाहीत. कादोडी बोलणारे सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी यांची गावे त्या तहानंतरही तेथेच राहिली आणि त्यांनी पोर्तुगीज आडनावांसह मराठी भाषा जपली.

हा मुद्दा केवळ अभ्यासकीय नाही. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, आणि येथील बागायती जमीन इमारतींसाठी मागितली जाऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईच्या चळवळीत जो आग्रह धरला, त्याचा गाभा हाच होता की, ही भूमी रिकामी नाही. ज्या दृष्टीला किनारा निर्जन दिसतो, तिला जमीनही मोकळी दिसते. पडद्यावरील निर्जनतेचा संकेत आणि नकाशावरील मोकळ्या जागेचा संकेत यांत अंतर आहे, पण ते फार नाही.

आंरिकोच्या चित्रपटाचे मोल यामुळे कमी होत नाही. मृताचा वाटा वारसाला पोचलाच पाहिजे, ही त्याची श्रद्धा खरी आहे. तिची व्याप्ती मात्र तीन मित्रांच्या वर्तुळापुरती आहे. वसईचा इतिहास तीच श्रद्धा वर्तुळाबाहेर नेण्यास भाग पाडतो आणि मग वाटणीला बसलेल्यांची यादी लांबते : भात पिकविणारे कूळ, पाडलेल्या देवळाचा भाविक, चर्चचा भाविक, सुरुंगात पडलेला शिपाई, किल्लाबंदरचा कोळी आणि नाशिकच्या घाटावर घंटा ऐकणारा यात्रेकरू. अशी यादी घेऊन साहसकथा लिहिता येणे अवघड आहे. समीक्षेने मात्र प्रत्येक साहसकथा वाचताना ती हाताशी ठेवावी.