दुर्गम वाटांवरील मोटारसायकली : द्विधाव व चतुर्धाव एंजिने

चिखल, खडी, वाळू, तीव्र चढ-उतार व ओढे यांतून चालविण्यासाठी बनविलेल्या हलक्या मोटारसायकलींमध्ये द्विधाव व चतुर्धाव अशी दोन प्रकारची पेट्रोल एंजिने वापरली जातात. दोहोंपैकी कोणते श्रेष्ठ, हा वाद मोटारसायकलींच्या शर्यतींइतकाच जुना आहे. भारतात त्याला एक वेगळे परिमाण लाभले. कारण येथे दुर्गम वाट ही बहुतांशी शर्यतीची नसून रोजच्या जाण्यायेण्याची होती. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके याचे चांगले उदाहरण होत. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले.

चतुर्धाव एंजिनात चूषण, संपीडन, शक्ती व निष्कास या चार धावा दट्ट्याच्या चार स्वतंत्र फेऱ्यांत होतात आणि भुजादंडाच्या दर दोन परिभ्रमणांत एकदा शक्ती मिळते. द्विधाव एंजिनात हेच कार्य एका परिभ्रमणात उरकले जाते. त्यात झडपा नसतात. सिलिंडराच्या भिंतीतील द्वारे दट्ट्याच उघडतो व मिटवितो. ताजे मिश्रण प्रथम दट्ट्याखालील बंदिस्त पेटीत शिरते आणि तेथून दाबाखाली सिलिंडरात जाते. ही पेटी इंधनाच्या मार्गातच असल्यामुळे तीत वंगणाचा साठा ठेवता येत नाही. म्हणून पेट्रोलातच तेल मिसळावे लागते. द्विधाव एंजिनाचे बहुतेक गुण व जवळजवळ सर्व दोष या एका रचनेतून उद्‌भवतात. हिशेबाने त्याची शक्ती समान धारकतेच्या चतुर्धाव एंजिनाच्या दुप्पट भरावयास हवी. परंतु ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच निष्कास द्वारातून निघून जात असल्याने प्रत्यक्षात तितका लाभ होत नाही.

निकोलाउस ऑटो यांचे चतुर्धाव एंजिन १८७६ मध्ये जर्मनीत तयार झाले. ड्यूगल्ड क्लार्क यांनी १८८१ मध्ये द्विधाव एंजिनाचे एकस्व घेतले, तर दट्ट्याखालील पेटीचा पंपासारखा उपयोग करण्याची सोपी रचना जोसेफ डे यांनी १८९१ मध्ये काढली. खडबडीत भूमीवरील शर्यतीचा आरंभ २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीपासून मानतात. पुढे या क्रीडेला मोटोक्रॉस हे नाव मिळाले. तिच्यात दीर्घकाळ ब्रिटिश बनावटीच्या अवजड चतुर्धाव मोटारसायकलींचे वर्चस्व होते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात व्हाल्टर काडेन यांनी १९५० नंतर निष्कास नळीच्या आकारावर केलेल्या कार्याने चित्र पालटले. नळीतून परत फिरणाऱ्या दाबलहरीने निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलावयाचे, ही त्यामागील युक्ती होय. १९६६ मध्ये पाउल फ्रीडरिक्स यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड या द्विधाव मोटारसायकलीवर ५०० घ. सेंमी. गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे द्विधाव एंजिनच अग्रभागी राहिले.

१९९७ मध्ये लास व्हेगास येथील शर्यत डग हेन्री यांनी यामाहाच्या प्रायोगिक चतुर्धाव मोटारसायकलीवर जिंकली आणि १९९८ मध्ये त्याच धर्तीची वायझेड ४०० एफ विक्रीस आली. काही वर्षांतच चतुर्धाव एंजिनांनी मैदान व्यापले. मात्र या विजयाचे मूल्यमापन करताना नियमांकडे दुर्लक्ष करता येत नाही. १२५ घ. सेंमी. द्विधाव एंजिनासमोर २५० घ. सेंमी. चतुर्धाव आणि २५० घ. सेंमी. द्विधाव एंजिनासमोर ४५० घ. सेंमी. चतुर्धाव, अशी सवलत नियमांनी दिली होती. समान धारकतेची खरी कसोटी या क्रीडेत झालीच नाही.

भारतात आयातीवर कडक निर्बंध असल्याने खास दुर्गम वाटांसाठी बनविलेली मोटारसायकल सामान्य माणसाच्या दृष्टीसही पडणे कठीण होते. रस्त्यावरच्या मोटारसायकलीलाच शेतवाटेवर जावे लागे. १९५५ पासून मद्रासला तयार होणारी रॉयल एन्फील्डची बुलेट चतुर्धाव होती. १९६१ पासून म्हैसूरला बनणारी जावा (पुढे येझदी) व एस्कॉर्ट्‌सची राजदूत या द्विधाव होत्या. महाराष्ट्रात तयार होणाऱ्या लहान वाहनांचा कल स्पष्टपणे द्विधाव एंजिनाकडे होता : भांडुपची लँब्रेटा, आकुर्डीची बजाज स्कूटर व अहमदनगरची (आता अहिल्यानगर) लूना ही सर्व त्याच जातीची. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही चतुर्धाव व यामाहाची आरएक्स १०० ही द्विधाव मोटारसायकल, दोन्ही बाजारात आल्या आणि खेडोपाडी त्यांची तुलना सुरू झाली.

शहापूर तालुक्यातून कल्याण–कसारा लोहमार्ग व मुंबई–आग्रा महामार्ग जातात. मुरबाडातून माळशेज घाटाची वाट जाते. परंतु डोळखांब, किन्हवली किंवा टोकावडे या बाजूंच्या पाड्यांपर्यंत पोहोचण्यास भातखाचरांचे बांध, खडकाळ चढ आणि भातसा, काळू या नद्यांना मिळणारे ओढे ओलांडावे लागत. वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस असलेल्या या प्रदेशात द्विधाव एंजिनाचे गुण चटकन पटण्यासारखे होते. ते हलके असते. चिखलात रुतलेली गाडी माणसाला उचलून काढता येते. त्यात हलणारे भाग थोडे असल्याने सिलिंडर उतरवून दट्ट्याची कडी बदलण्याचे काम गावातला कारागीर साध्या पान्यांनी करू शकतो. ओढ्यात पाणी शिरून ते बंद पडले, तरी प्लग काढून किक मारीत राहिल्यास पाणी बाहेर पडते. चतुर्धाव एंजिनात पाणी वंगणात मिसळण्याचे भय असते व तसे झाल्यास सर्व तेल बदलावे लागते.

उताराला लागताच पारडे फिरते. घाट उतरताना चालक पेट्रोलाचा पुरवठा तोडतो, तेव्हा द्विधाव एंजिनाला होणारा वंगणाचा पुरवठाही त्याबरोबर घटतो, आणि एंजिन मात्र चाकांच्या ओढीने वेगाने फिरतच राहते. दीर्घ उतारावर दट्ट्या अडकून मागचे चाक एकाएकी थांबण्याचा धोका यातूनच निर्माण होतो. शिवाय एंजिनाचा गतिरोध अल्प असल्याने सर्व भार ब्रेकांवर पडतो, आणि ओले झालेले जुने ड्रम ब्रेक त्या कामी फारसे भरवशाचे नव्हते. चतुर्धाव एंजिनाचे वंगण स्वतंत्र असते व त्याचा गतिरोधही चांगला असतो. भाताचे पोते लादून बांधावरून सावकाश जाताना त्याची कमी वेगातील सम ओढही उपयोगी पडते. शर्यतीच्या द्विधाव एंजिनाची शक्ती एकदम उसळून चाक जागच्या जागी फिरते.

निर्णायक ठरला तो खर्च. पेट्रोल पंप दूर असताना एका लिटरमध्ये अधिक अंतर जाणारी गाडी शेतकऱ्याला परवडे. तेलाचे प्रमाण अंदाजाने घातले, तर कमी पडल्यास एंजिन जाम होई व अधिक झाल्यास प्लगवर काजळी धरे. हा जाचही चतुर्धाव एंजिनाने दूर केला. धुराच्या प्रश्नाचा उगम शहरांत होता, पण त्यासाठी केलेले नियम सर्वत्र लागू झाले. १ एप्रिल २००० पासून दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा दर किमी.स २ ग्रॅ. आणि हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांची एकत्रित मर्यादाही २ ग्रॅ. ठरली, २००५ मध्ये या दोन्ही मर्यादा १.५ ग्रॅ.वर आल्या. न जळलेले पेट्रोल बाहेर टाकणाऱ्या एंजिनाला त्या पाळणे महाग पडले व द्विधाव मोटारसायकलींचे उत्पादन थांबत गेले. जुन्या गाड्या मात्र सुट्या भागांच्या बळावर अनेक वर्षे चालत राहिल्या.

त्यानंतर भारतात खास दुर्गम वाटांच्या हेतूने निघालेल्या मोटारसायकली चतुर्धावच आहेत : हीरो इम्पल्स (२०११), रॉयल एन्फील्ड हिमालयन (२०१६) व हीरो एक्सपल्स २०० (२०१९). शर्यतीसाठी बनविलेली व रस्त्यावर नोंदणी न होणारी वाहने या नियमांच्या कक्षेबाहेर राहतात. ऑस्ट्रियाच्या केटीएम या कंपनीत बजाज ऑटोने २००७ मध्ये भाग घेतला. तिच्या चाकण येथे बनणाऱ्या मोटारसायकली चतुर्धाव आहेत. ऑस्ट्रियात मात्र केटीएमने २०१७ मध्ये इंधन अंतःक्षेपणाची द्विधाव मोटारसायकल सादर केली. तीत पेट्रोल थेट सिलिंडराच्या द्वारांत फवारले जाते व तेल वेगळ्या टाकीतून पुरविले जाते, त्यामुळे हाताने मिश्रण करावे लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या फेरीत प्रौढांचे गट ४५० व २५० घ. सेंमी.चे होते आणि त्यांत चतुर्धाव मोटारसायकली धावल्या. द्विधाव एंजिनाला स्थान उरले ते कुमारांच्या ८५ घ. सेंमी. गटात.