लूप बंद केला तेव्हा

कॉकाटीलचं पिल्लू घरी आणलं, त्याच आठवड्यात मी एक स्क्रिप्ट लिहिली. मी ऑफिसला गेलो की पिंजऱ्याजवळच्या जुन्या फोनवर माझ्याच आवाजात ‘मिठू, ये’ वाजत राहायचं. महिना झाला, पिल्लू ढिम्म.

मग ॲलेक्सबद्दल वाचलं. १९७७ साली आयरीन पेपरबर्ग यांनी शिकागो भागातल्या एका दुकानातून वर्षभराचा आफ्रिकन ग्रे पोपट आणला. बाईंची पीएच.डी. रसायनशास्त्रातली. प्राण्यांना शिकवायची तेव्हाची रूढ रीत म्हणजे पेटीत एकटा प्राणी आणि बरोबर कृतीला दाणा. त्यांनी डीटमार टोट यांची पद्धत बदलून वापरली. पोपटासमोर दोन माणसं. एक किल्ली दाखवून विचारणार, दुसरा नाव सांगून ती मिळवणार. बघता बघता पोपटालाही ती हवीशी वाटते. बक्षीस दाण्याचं नाही, ज्याचं नाव घेतलं त्याच वस्तूचं.

ॲलेक्स सुमारे ५० वस्तू आणि ७ रंग ओळखायला, ६ पर्यंत मोजायला शिकला. पुढे इतर ग्रे पोपटांना नुसत्या ध्वनिफिती, व्हिडिओ लावून पाहिले. त्यांना शब्द वापरता आले नाहीत. २००७ साली, ३१व्या वर्षी ॲलेक्स गेला.

मी लूप बंद केला. आता जेवणं झाली की आई आणि मी पिंजऱ्यासमोर बसतो.

“आई, हे काय?”

“चमचा.”

पिल्लू अजून बोलत नाही. पण परवा चमचा आईच्या हातात गेला, तेव्हा ते दांडीवरून सरकत जाळीपाशी आलं.