न हलणाऱ्या भावाचा बाजार

परवा माळ्यावरची खोकी उतरवताना अण्णांची एक वही हाताला लागली. लाल कापडी बांधणीची, उभी, अडत दुकानात असते तशी. पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री', खाली तारीख: १४ ऑगस्ट २००३. आणि त्याखाली त्यांच्या त्या ठसठशीत दिवाणजी अक्षरात गावांची यादी. मॅनहॅटन, न्यू लंडन, न्यू टोकियो, न्यू बर्लिन. प्रत्येक गावापुढे मालाचं नाव, खरेदीभाव, विक्रीभाव आणि शेवटच्या रकान्यात नगामागे सुटणारा नफा.

आमचे अण्णा उभ्या आयुष्यात मुंबईपलीकडे गेले नाहीत. ही गावं पृथ्वीवरची नव्हेतच. ती आहेत 'फ्रीलान्सर' नावाच्या एका कॉम्प्युटर गेममधली. वही उघडून तिथंच माळ्याच्या शिडीवर बसलो आणि खाली बायको ओरडेपर्यंत उतरलो नाही. तेव्हा आज थोडं त्या गेमबद्दल, त्याच्या खानदानाबद्दल, आणि ओघानं आलंच तर अण्णांबद्दल.

खानदानाची सुरुवात १९८४ साली इंग्लंडात केंब्रिजला होते. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे दोघे तिथले विद्यार्थी. त्यांनी 'एलीट' नावाचा गेम लिहिला. त्या वेळच्या गेम्सचा साचा ठरलेला होता: तीन जीव, वाढत जाणारा स्कोअर आणि दहा मिनिटांत खेळ खलास. या दोघांच्या गेममध्ये यातलं काहीच नव्हतं. तुमच्याकडे एक यान आणि शंभर क्रेडिट. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त, ते भरा. कारखानदारीच्या ग्रहावर ते महाग, तिथं विका. परतताना यंत्रं, कॉम्प्युटर घेऊन या. वाटेत चाचे भेटतील त्यांच्याशी लढा, नाहीतर पळा. पुढं काय करायचं ते गेम सांगत नाही. थॉर्न ईएमआय या कंपनीनं हे पाहून नकार दिला. त्यांना नेहमीचे तीन जीव आणि नेहमीचा स्कोअर हवा होता. शेवटी एकॉर्नसॉफ्टनं तो बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरसाठी काढला. (हेच यंत्र त्या सुमारास भारत सरकारच्या 'क्लास' या शालेय योजनेतून आपल्याकडच्या काही शाळांतही आलं होतं. आमची शाळा अर्थातच त्यात नव्हती.)

बीबीसी मायक्रोची मेमरी अवघी ३२ के. आज साधा फोटो त्यात मावत नाही. ग्रहांची यादी साठवायला जागाच नव्हती, म्हणून या पोरांनी एक युक्ती केली. ग्रह साठवायचेच नाहीत; एका आकड्यापासून सुरुवात करून गणितानं प्रत्येक ग्रहाचं नाव, जागा, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था दर वेळी नव्यानं काढायची. सुरुवातीचा आकडा तोच, म्हणून ग्रहही दर वेळी तेच. या पद्धतीनं २८१ लाख कोटींहून जास्त आकाशगंगा काढता आल्या असत्या आणि त्यांची इच्छाही तशीच होती. प्रकाशकांनी त्यांना समजावलं की एवढ्या दिल्यात तर सगळं कृत्रिम आहे हे लोकांना कळेल. शेवटी आठ आकाशगंगा ठेवल्या. प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २०४८.

ही छाटणी लक्षात ठेवा, पुन्हा तिच्याकडे यायचंय.

दुसरी शाखा अमेरिकेतली, टेक्सासमधल्या ऑस्टिन गावची. तिथं ओरिजिन कंपनीत ख्रिस रॉबर्ट्स या तरुणानं १९९० साली 'विंग कमांडर' काढला. तो निव्वळ अंतराळातल्या लढाईचा गेम, पण सिनेमासारखी गोष्ट सांगणारा. १९९३ मध्ये त्याच विश्वात 'प्रायव्हेटीअर' आला. त्यात लढाईला व्यापाराची जोड होती, म्हणजे 'एलीट'ची कल्पना आणि 'विंग कमांडर'चा थाट. पुढं रॉबर्ट्सनं ओरिजिन सोडून 'डिजिटल अँव्हिल' ही स्वतःची कंपनी काढली, आणि १९९९ साली 'फ्रीलान्सर'ची घोषणा झाली.

काय एकेक आश्वासनं होती! हजारो लोक एकाच विश्वात एकत्र खेळणार. कारखाने खरोखर माल बनवणार, यानं तो खरोखर वाहून नेणार, वाटेत लुटलं गेलं तर पुढच्या गावी टंचाई होऊन भाव चढणार. खेळाडू झोपला असेल तेव्हाही बाजार चालूच. २००० साली गेम येणार होता. आला नाही. पैसे संपत आले आणि डिसेंबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर झालं. रॉबर्ट्स बाहेर पडला आणि सल्लागार म्हणून उरला. मायक्रोसॉफ्टनं कात्री काढली. यॉर्ग नॉयमान या माणसाच्या देखरेखीखाली (हाच पुढं २०२० च्या 'फ्लाइट सिम्युलेटर'चा प्रमुख) उरलेला गेम मार्च २००३ मध्ये बाहेर आला. हजारोंऐवजी एका सर्व्हरवर जास्तीत जास्त १२८ खेळाडू. जॉयस्टिक काढून टाकलेली, यान चालवायचं माऊसनं. आणि बाजार? प्रत्येक गावी प्रत्येक मालाचा भाव कायमचा ठरलेला.

परीक्षणं वाईट आली नाहीत, पण बहुतेकांचा सूर 'बरा आहे, पण जे कबूल केलं होतं ते कुठंय?' असा होता. तेव्हापासून 'फ्रीलान्सर' म्हणजे मोडलेल्या स्वप्नाचा उरलेला तुकडा अशीच त्याची ओळख राहिली. मला हे कधीच पटलं नाही. कारण सांगतो.

२००३ च्या पावसाळ्यात मी सांगलीला घरी बसून होतो. इंजिनिअरिंग झालेलं, कॅम्पसमधून नोकरीही मिळालेली, पण जॉइनिंगची तारीख पुढं पुढं सरकत होती. कंपनीत फोन केला की 'कळवू' एवढंच उत्तर. अण्णाही घरीच होते. तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी. दुसऱ्याच्या लाखोंच्या उलाढाली लिहून काढलेल्या या माणसानं निवृत्तीच्या तोंडावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर माल घेतला. भाव चढणार अशी हवा होती. तो पडला, आणखी पडला, आणि साठवलेला माल निम्म्यानं फुंकून टाकावा लागला. माझ्या बहिणीच्या लग्नाचे पैसे होते ते. घरात त्याविषयी कुणी काही बोलत नसे. अण्णा तर कशाविषयीच बोलत नसत. पेपर वाचायचे, पण बाजारभावाचं पान उलटून टाकायचे.

मित्रानं कॉपी करून दिलेली सीडी घेऊन मी माझ्या जुन्या पेंटियमवर 'फ्रीलान्सर' सुरू केला. नायक एडिसन ट्रेंट. त्याचा मोठा सौदा ठरलेला असतो, पण फ्रीपोर्ट सेव्हन हे अंतराळस्थानक हल्ल्यात उडतं, यान जातं, माल जातो आणि हा गडी जवळजवळ कफल्लक होऊन मॅनहॅटन ग्रहावर उतरतो. तिथून पुन्हा सुरुवात. लिबर्टी, ब्रेटोनिया, कुसारी आणि ऱ्हाइनलँड अशी चार राज्यं, म्हणजे अनुक्रमे अमेरिका, इंग्लंड, जपान आणि जर्मनी यांची अंतराळातली पतवंडं. एकूण ४८ तारामंडळं. त्यांना जोडणारी जंप गेट्स, आणि मंडळाच्या आत 'ट्रेड लेन', म्हणजे ओळीनं उभ्या केलेल्या कड्या. एका कडीत शिरलं की यान सुसाट पुढं फेकलं जातं, हायवेसारखं. चाचे मधली एक कडी बंद पाडतात, की आपण उघड्यावर पडतो.

एका दुपारी मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा. बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "काय भरलंयस?"

मी माल सांगितला.

"कितीला घेतला? कितीला जाणार?"

तेही सांगितलं.

"आणि येताना?"

"येताना काही नाही. रिकामाच येतो."

"अरे गाढवा, रिकामी गाडी आणणारा कधी वर येतो का?"

कित्येक महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊनच बसले. मी यान चालवायचं, ते हिशेब लिहायचे. कुठं उतरलो की आधी भावाचा तक्ता वाचून दाखवायचा. माल नेऊन विकायचा आणि तिथं स्वस्त असेल ते भरून तिसऱ्या गावी जायचं, असे त्रिकोणी फेरे त्यांनी आखले. 'ऱ्हायनो' हे मालवाहू यान घ्यायचा निर्णय त्यांचाच. "लढायला काय करायचंय? पोतं किती मावतं ते बघ."

चारेक दिवसांनी त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा भाव हलत नाही रे. परवा हाच होता. आपण दहा खेपा टाकल्या तरी हाच. मग हा बाजार कसला?"

जगभरच्या समीक्षकांनी काढलेली खोट आमच्या दिवाणजींनी चार दिवसांत पकडली होती. मी त्यांना नेटवर वाचलेली सगळी कहाणी सांगितली. भाव हलणारच होते, पण ते जमेना, मग काढून टाकलं. अण्णा ऐकत होते. नंतर चष्मा पुसत म्हणाले, "बरं झालं काढलं. इथं तरी कुणी बुडत नाही."

आणि मग ते बोलले. पहिल्यांदाच. कुणी काय हवा घातली होती, कोणत्या दिवशी माल काढायला हवा होता, पेढीच्या मालकानं एकदा सांगितलंही होतं आणि यांनी ऐकलं नव्हतं ते कसं. मी माऊस धरून बसलो होतो. यान ट्रेड लेनमध्ये होतं, आपोआप पुढं जात होतं, त्यामुळं काही करायचं नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं.

खरं सांगायचं तर स्थिर भावाचा तोटाही आहे. चांगला फेरा एकदा सापडला की व्यापार कंटाळवाणा होतो. पण बाजार बांधून ठेवत नाही म्हणूनच माणूस भटकायला मोकळा होतो, आणि 'फ्रीलान्सर'ची खरी गंमत त्या भटकण्यात आहे. प्रत्येक ठिकाणच्या बारमध्ये माणसं भेटतात आणि अफवा सांगतात. ज्यांना आपण वाटेत चाचे म्हणून उडवत होतो ते कोण, हे तिथं कळतं. ऱ्हाइनलँडचे युनियनर्स म्हणजे जहाजबांधणीतून काढलेले कामगार. कुसारीत जमीन गेलेले शेतकरी. ब्रेटोनियात सोन्याच्या खाणीवरून कंपनीशी भांडणारे मॉलीज. आउटकास्ट आणि कॉर्सेअर हे तर वाटेत मागं पडलेल्या 'हिस्पानिया' या पाचव्या जहाजाच्या लोकांचे वंशज. चार जहाजांच्या नावानं राज्यं झाली आणि पाचव्याची पोरं लुटारू ठरली. युनियनर्सचं ऐकून अण्णा म्हणाले, "हे आपल्या गिरणीवाल्यांसारखंच झालं की." त्यानंतर मी शक्यतो युनियनर्सना चुकवून जाऊ लागलो.

जिवंत बाजाराचं स्वप्न वाईट होतं असं मी म्हणत नाही. दोनच महिन्यांनी, मे २००३ मध्ये, आइसलंडच्या एका कंपनीनं 'ईव्ह ऑनलाइन' काढला आणि त्यात भाव खरोखर खेळाडूच ठरवू लागले. मोठीच करामत ती. मी पुढं पुण्यात असताना महिनाभर खेळून पाहिला. तिथं माणसं खरोखर बुडतात. मी सोडून दिला. इकडं ख्रिस रॉबर्ट्सनं २०१२ साली 'स्टार सिटिझन'ची घोषणा केली आणि या वेळी कात्री चालवणारं कुणी वर ठेवलं नाही. लोकांकडून २०२४ पर्यंत ७० कोटी डॉलर्सहून जास्त जमले, आणि तोवरही गेम पूर्ण झालेला नव्हता. ब्रेबेन आणि बेल यांना आठ आकाशगंगांवर थांबायला कुणीतरी सांगितलं होतं. रॉबर्ट्सलाही २००० साली सांगितलं गेलं, त्याच्या मनाविरुद्ध. पण म्हणून तर आमच्या हाती २००३ च्या त्या पावसाळ्यात काहीतरी पडलं. संपूर्ण स्वप्नाची वाट पाहत बसलो असतो, तर मी आणि अण्णा कशासमोर बसलो असतो?

जानेवारीत माझं पत्र आलं आणि मी पुण्याला गेलो. वही तिथंच संपते. डिजिटल अँव्हिल २००६ मध्ये बंद झाली. अण्णा २०११ मध्ये गेले. गेम मात्र रसिकांनी जगवला. स्वतःचे सर्व्हर चालवले, नव्या मशिनवर चालावा म्हणून दुरुस्त्या केल्या.

परवा रात्री त्यातलीच एक दुरुस्ती घालून तो लॅपटॉपवर चढवला आणि वही शेजारी उघडी ठेवून बसलो. वीस वर्षांपूर्वीच्या भावाची वही म्हणजे कुठल्याही पेढीवर रद्दीच. मी एकेका गावी उतरत गेलो आणि ताडून पाहत गेलो. पहिला भाव जुळला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे. पाचव्या ठिकाणी आकडा जुळेना, तेव्हा म्हटलं, चला, अण्णांचीही कधीतरी चूक झाली म्हणायची.

मग नीट पाहिलं. मीच चुकून शेजारच्या स्थानकावर उतरलो होतो. वही बरोबर होती.